जाधवबाईंचा हस्तकलेचा तास

आमच्या शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका परवा टपालाने आली. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं. पहिल्या पानावर देणगीदार, दुसऱ्या पानावर देणगीदारांचे वडील. पाण्याची टाकी बांधून देणाऱ्या गृहस्थांचा फोटो तीन ठिकाणी आहे. घंटा कधी बदलली याची नोंद आहे, पहिला ध्वनिक्षेपक कधी आणला याची आहे. 'आमचे कलाशिक्षक' असं एक सबंध पान आहे, आणि त्या पानावर जाधवबाईंचं नाव नाही. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नाहीच.

संपादक मंडळात माझ्यानंतर शाळेत लागलेले एक सर आहेत. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो बर्वेबाई, त्या टेम्पररी होत्या ना!"

पहिला ध्वनिक्षेपक भाड्याचा होता. त्याला जागा मिळाली. मी फोन ठेवला आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हणून आता मीच लिहायला बसले आहे.

जाधवबाई आमच्याकडे हस्तकला शिकवायला आल्या तेव्हा कोथरूडमध्ये मोकळे प्लॉट अजून शिल्लक होते आणि धायरी हे गाव होतं. त्या धायरीहून दोन बस बदलून यायच्या. ठेंगणी, काटक मूर्ती, सुती साडी, आणि दोन्ही खांद्यांना दोन मोठ्या कापडी पिशव्या. पिशव्यांत मिठाईचे रिकामे खोके, बुटांचे पुठ्ठे, सुतळी आणि जुन्या लग्नपत्रिका. पत्रिका त्या वर्षभर गोळा करायच्या. "पुढं सगळी शोभा असते," मुलांना सांगायच्या, "मागची बाजू कोरी असते. तिथं खरं काढायचं." खोडरबर त्यांच्या तासाला चालत नसे. चुकलं तर शेजारी दुसरं काढायचं, पण पहिलं राहू द्यायचं.

पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्यांची परीक्षा झाली. आमच्यातल्या एका ज्येष्ठ बाईंनी गोड आवाजात विचारलं, "जाधव म्हणजे कुठले जाधव?"

"धायरीचे."

"तसं नव्हे हो. मूळचे?"

"मूळचेही धायरीचेच. आपण मूळच्या कुठल्या?"

"आम्ही कोकणातले."

"मग एवढ्या लांब येऊन तुम्ही आमची चौकशी करताय होय?" असं म्हणून त्या सुतळीचा गुंता सोडवायला बसल्या.

हा प्रश्न कशासाठी असतो हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. जाधव आडनावाचे लोक कितीतरी जातींत सापडतात, आणि समोरच्याला कोणत्या खणात ठेवायचं हे कळेपर्यंत आमच्या खोलीला चैन पडेना. बाईंनी ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही. मलाही ते कळलेलं नाही. पण कळावंसं मलाही वाटत होतं, आणि याची मला आज लाज वाटते.

हस्तकलेच्या तासाला इतिहास शिकवण्याचा त्यांना अधिकार नव्हता. पण सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकात अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यांना अर्धं पान होतं, आणि आमचे इतिहासाचे सर ते अर्धं पान दहा मिनिटांत उरकत. एकदा बाईंनी ते वर्गाबाहेरून ऐकलं. मधल्या सुट्टीत त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, हाताला खळ लागलेली तशीच. "दहा मिनिटं, बर्वेबाई? लोकांना घोटभर पाणी मिळायला पिढ्या गेल्या आणि ह्यांनी दहा मिनिटांत संपवलं? वर पोरांना विचारतायत, गाळलेल्या जागा भरा!" मी मराठी शिकवायची, प्रदर्शनं आणि भित्तिपत्रकं यांचं काम माझ्याकडे होतं, म्हणून त्यांचा राग बहुधा माझ्यापाशी येऊन थांबायचा. मी मान डोलवायची. मान डोलवण्यात आम्ही सगळेच तरबेज होतो.

पुढच्या शनिवारी त्यांनी सातवीच्या मुलांना पर्वतीवर नेलं. आमच्या मुलांना पर्वती पाठ होती. आजोबांबरोबर व्यायामाला, पाहुण्यांबरोबर देवाला, परीक्षेच्या आधी नवसाला. मधल्या पायऱ्यांवर बाईंनी सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, की तुमचे आजी-आजोबा लहान होते तेव्हा काही माणसं याच पायऱ्या चढून आली, आम्हालाही देवळात येऊ द्या एवढंच मागायला. त्यांनी दगड खाल्ले, शिव्या खाल्ल्या आणि त्यांना परत जावं लागलं. एकाही मुलाला हे ठाऊक नव्हतं. मी बरोबर गेले होते. मी ते कधीतरी वाचलं होतं, पण ज्या पायऱ्यांवर मी लहानपणी पळायच्या शर्यती लावल्या त्याच त्या पायऱ्या, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून सांगितलं, की त्या पर्वतीच्या प्रसंगाचा देखावा करा, पाहुण्यांना आवडेल. आणि पुढे म्हणाले, "दगड खाणारे म्हणून शाळेमागच्या वस्तीतली मुलं घ्या. रंगवायला नकोत, आयतीच आहेत."

मी तिथेच होते. हा माणूस वाईट नव्हता. फीमाफीच्या अर्जांवर तो मुकाट्याने सह्या करायचा. पण हे वाक्य त्याने टाचणी मागावी इतक्या सहज उच्चारलं.

"मग सर, दगड मारणारे म्हणून आपण उभे राहा," जाधवबाई म्हणाल्या. "आपल्यालाही रंगवायला नको."

मुख्याध्यापकांनी ते हसण्यावारी नेलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या चिडल्या की गावाकडची बोली आपोआप तोंडात यायची. "पोराच्या आज्यानं भोगलं ते पोरानं स्टेजवर पुन्हा भोगायचं, आन् आपण टाळ्या वाजवायच्या? हे काय शिकवणं हाय? माझ्या तासाला खेळातसुदिक कुणाला खाली बसवायचं न्हाई."

त्यांनी देखावा केला, पण त्यात एकही मूल उभं केलं नाही. फ्रिजच्या खोक्यांचे पुठ्ठे आणले आणि मुलांना सांगितलं, "मारणारा काढू नका. मार खाणाराही काढू नका. कडेला कोण उभं होतं तेवढंच काढा." मुलांनी पुठ्ठ्याची माणसं कापली. छत्रीवाला म्हातारा, हातात परडी घेतलेली बाई, वर्तमानपत्र वाचणारा गृहस्थ, दुसरीकडे बघणारा पोलीस. एका मुलाने दप्तर घेतलेली शाळकरी मुलं केली. ही सगळी मंडळी दोन्ही बाजूंना उभी, आणि मधल्या पायऱ्या रिकाम्या. प्रमुख पाहुण्यांनी कौतुकाने विचारलं, "हे कोण? प्रेक्षक का?" एक मुलगी म्हणाली, "हो. तेव्हाचे." पाहुणे पुढच्या देखाव्याकडे वळले. मुख्याध्यापकांनी घाम पुसला, आणि ते प्रकरण तिथेच मिटलं.

मिटलं नाही ते पुढच्या वर्षीचं प्रकरण.

गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे शाडूची माती यायची. सातवीच्या मुलांनी मूर्ती करायच्या, हा प्रघात होता. त्या वर्षी मूर्ती करून झाल्यावर बरीच माती उरली. बाई म्हणाल्या, "आता कप करायचे. घरी जाऊन स्वयंपाकघर बघा. चहाचे जेवढे कप, जेवढे ग्लास, तेवढे सगळे बघून या आणि हुबेहूब करा. रंग, फुलं, गेलेला टवका, सगळं. आणि खाली चिठ्ठी लावा, हा कुणाचा आणि कुठे ठेवतात. स्वतःचं नाव घालायचं नाही." बस. त्यापलीकडे त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

पालकसभेला मुलांच्या कामाचं प्रदर्शन असायचं, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला कपांचं टेबल दाखवलं. "बर्वेबाई, एकदा चिठ्ठ्या वाचून घ्या," असंही म्हणाल्या. मी घाईत होते, भित्तिपत्रकं लावायची राहिली होती. रांगेने मांडलेले ते गोंडस कप मी लांबूनच पाहिले आणि म्हणाले, "किती सुंदर! लावा, लावा."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पालक आले. टेबलाभोवती आधी कौतुकाचे चीत्कार. अय्या, केवढुसे! मग चिठ्ठ्या वाचणं सुरू झालं आणि आवाज हळूहळू खाली गेला.

'बाबांचा. काचेच्या कपाटात.' 'आजीचा. देवघराजवळ.' 'पाहुण्यांचा, सोनेरी काठाचा. वरच्या फळीवर.' आणि मग, 'कान तुटलेला. कामाच्या मावशींचा. बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे.' 'प्लास्टिकचा. जिना झाडणाऱ्या काकांचा. दाराबाहेर, चपलांच्या स्टँडवर.' 'आमच्यात कुणी वापरत नाही. मंदाताईंचा. चुकून आत आला तर आजी दोनदा घासते.'

एकाही कपावर मुलाचं नाव नव्हतं. कोणता कप कोणत्या घरातला, हे कुणालाही कळायचं कारण नव्हतं. सगळ्यांनी गप्प राहून घरी जायचं, एवढंच करायचं होतं. पण आमचे पालक पडले सुशिक्षित. एक बाई मोठ्याने म्हणाल्या, "आमच्याकडे कान तुटलेला कप मुळी नाहीच!" त्यांना कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या म्हणाल्या, "आमच्या मंदाला तर आम्ही घरच्यासारखी वागवतो." एक गृहस्थ तावातावाने सांगू लागले, की तो प्लास्टिकचा मग निव्वळ आरोग्याच्या दृष्टीने वेगळा ठेवलेला आहे. दहा मिनिटांत निम्म्या टेबलाचे मालक आपणहून उभे राहिले होते. बाई कोपऱ्यात हाताची घडी घालून उभ्या होत्या. चेहऱ्यावर हसू नव्हतं. उलट, डोळे भरल्यासारखे वाटले मला.

तेवढ्यात मला तो ग्लास दिसला. स्टीलचा, म्हणून राखाडी रंगवलेला, एका बाजूला पोचा. आमच्या घरचा पोचा मी कुठेही ओळखेन. माझी मधुरा त्याच वर्गात होती. चिठ्ठी तिच्याच अक्षरात होती. 'हौसाबाईंचा. मोरीच्या खिडकीत. आई म्हणते, त्यांना तोच आवडतो.'

मी तिथून निघून शिक्षकांच्या खोलीत येऊन बसले. समतेवरचा धडा मी दरवर्षी शिकवत होते, आणि तो शिकवताना माझा आवाज भरून यायचा.

संध्याकाळी हौसाबाई भांडी घासून झाल्यावर मी त्यांच्यापुढे आमच्या कपांतला एक कप ठेवला, बशीसकट. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काय झालं बाई? गिलास हरवला का?"

"नाही. आजपासून यातच घ्यायचा."

त्या संकोचून घाईघाईने चहा प्यायल्या. कप घासला, आणि नेऊन मोरीच्या खिडकीत ठेवून दिला. ते पाहून मला वाटलं, मधुराने चिठ्ठीत लिहिलं ते कमीच लिहिलं.

चार दिवसांत शाळेकडे तक्रारअर्ज आला. खाली भरगच्च सह्या. मुलांच्या कोवळ्या मनात आईवडिलांविषयी विष कालवलं. घराघरांतली खाजगी बाब चव्हाट्यावर आणली. एका मुलाने म्हणे हट्ट धरला होता, की मावशींच्याच कपातून दूध पिणार. हा हट्ट तक्रारीत घालण्याजोगा वाटतो, यातच सगळं आलं. ज्या घरात दुधाचा कप बदलला म्हणून रडारड होते, त्या घरात मावशी वर्षानुवर्षं बाल्कनीत उभ्याने चहा पितात, त्याची तक्रार कुणी कुणाकडे करायची?

सभा मुख्याध्यापकांच्या खोलीत झाली. संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापक, पालकांतर्फे एक वकील, प्रदर्शनप्रमुख म्हणून मी, आणि जाधवबाई. बाईंचं तिसरं वर्ष चालू होतं. येत्या जूनपासून त्या कायम होणार होत्या. घरी कमावत्या त्या एकट्याच होत्या. हे सगळं त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि म्हणूनच अध्यक्ष इतक्या मृदूपणे बोलत होते.

"आपण फक्त लेखी माफी द्या, विषय संपला," अध्यक्ष म्हणाले.

"देते," बाई म्हणाल्या. "कोणत्या कपाची देऊ?"

"म्हणजे?"

"मुलांनी पुष्कळ कप केले, साहेब. त्यातला खोटा कोणता, तेवढं दाखवा. ज्यांचा तो असेल त्यांनी म्हणावं, हा आमचा कप, आणि चिठ्ठीत लिहिलंय ते खोटं आहे. मी त्यांच्या दारात जाऊन माफी मागते."

वकीलसाहेब पुढे सरसावले आणि थांबले. कपावर हक्क सांगितल्याशिवाय माफी मिळणार नव्हती, आणि हक्क सांगायची कुणाची तयारी नव्हती. मला वाटलं, बाई जिंकल्या.

मग मुख्याध्यापकांनी माझ्याकडे मान वळवली. "बर्वेबाई, प्रदर्शन तुमच्याकडे होतं. हे टेबल लावायला तुम्ही परवानगी दिली होती का?"

'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. मी कायम होते, माझं कुणी काही वाकडं करणार नव्हतं. मधुराचं नाव निघेल, तो पोचा असलेला ग्लास निघेल, उद्या शिक्षकांच्या खोलीत कुजबुज होईल, एवढीच माझी भीती. तेवढ्यासाठी मी म्हणाले, "मला चिठ्ठ्या नीट दाखवल्या नव्हत्या."

जाधवबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पिशव्या उचलल्या, "येते" म्हणाल्या आणि गेल्या.

विनापरवानगी प्रदर्शन, असा शेरा लागला. काढून टाकलं असं कुठेही लिहिलं नाही, तेवढे आम्ही सभ्य आहोत. जूनमध्ये पत्र गेलं, की हस्तकलेचे तास कमी होत असल्याने आपल्या सेवेची आवश्यकता उरलेली नाही. तास कमी झाले नव्हते. आमच्या शाळेत त्या जागी दुसरे सर आले आणि त्यांनी मुलांकडून आकाशकंदील करून घेतले. त्यांचा फोटो स्मरणिकेत आहे.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, जाधवबाई मला वारज्यात दिसल्या. बसस्टॉपवर. केस पांढरेशुभ्र, पाठ किंचित वाकलेली, खांद्याला पिशव्या तशाच दोन. एका वस्तीतल्या अभ्यासिकेत त्या रविवारी मुलांना शिकवायच्या. मी ओळख सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "बर्वेबाई. मधुरा कशी आहे?"

मधुरा बरी आहे, बंगलोरला असते, हे मी सांगितलं. मी म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी खोटं बोलले. तुम्ही मला वाचा म्हणाला होतात. मीच वाचलं नाही, आणि वर तुमच्यावर ढकललं. मला क्षमा करा." इतकी वर्षं मनात घोकलेलं सगळं मी एका दमात बोलून टाकलं. समोरून काहीतरी मऊ शब्द येईल अशी माझी अपेक्षा होती. खोटं कशाला सांगू?

"हे मला सांगून काय व्हायचं?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मला तर तेव्हाच ठाऊक होतं. जिथं विचारलं तिथं सांगायचं होतं."

"आता ती माणसं राहिली नाहीत. अध्यक्ष गेले, सर गेले."

"शाळा हाय ना?" त्या म्हणाल्या. "मुलं हायेत. नव्या बाया हायेत. तुम्ही दिवाळी अंकात लिहिता, मी वाचते. मग लिहा की. माझं नाव घाला, तुमचं घाला आणि शाळेचं घाला. तिन्ही घाला, म्हंजे मग कुणाला म्हणता यायचं न्हाई, की हे भलतीकडंच कुठंतरी घडलं."

बस आली. मी पिशवी धरायला हात पुढे केला, पण त्यांनी दोन्ही पिशव्या स्वतःच घेतल्या, दांडा पकडून त्या वर चढल्या आणि खिडकीपाशी बसल्या. बस हलेपर्यंत त्यांनी पिशवीतून मुलांच्या कागदांचा गठ्ठा काढून मांडीवर घेतला होता आणि त्या तपासायला लागल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

आज लिहायला बसले तेव्हा त्यांचं नाव घातलं. माझंही घातलं आहे, मधुराचं आणि हौसाबाईंचंसुद्धा. शाळेचं नाव यावं अशा जागा या लिखाणात कितीतरी आल्या. प्रत्येक जागी मी 'आमची शाळा' एवढंच लिहून पुढे गेले आहे.